लिनक्स डेस्कटॉपचा आवाज अचानक गेला, बाबांचं ऑर्का मुकं झालंय. मदत हवी

सांजवारा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि जरा घाईनेच हवी आहे.

बाबांचा डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार). काचबिंदूमुळे बाबांची दृष्टी गेली त्याला आता आठ वर्षं झाली. ते कॉम्प्युटरवरचं सगळं काम ऑर्का लावून करतात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ऑर्का म्हणजे पडद्यावर जे काही आहे ते वाचून दाखवणारा प्रोग्राम. मेल, बातम्या, बँकेचे कागद, सगळं ते कानांनी वाचतात आणि न बघता माझ्यापेक्षा भराभर टाइप करतात.

आज संध्याकाळी मी अपडेट चालवलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि आवाज बंद. पूर्ण बंद. वरच्या कोपऱ्यातला स्पीकर दिसतोय, पट्टी पुढेमागे होतेय, पण बाहेर काही येत नाही. माझ्या मशीनचा आवाज गेला तर मी एक दिवस गाण्यांशिवाय काढीन. बाबांचा तर पडदाच गेला. गेला तासभर ते कीबोर्डवर हात ठेवून बसले आहेत, आणि मी शेजारी बसून पडदा वाचून दाखवतेय.

स्पीकर मागच्या हिरव्या भोकात आहेत. स्पीकर चांगले आहेत, फोनला लावून पाहिले, वाजले. कुठून सुरुवात करू?

पेंग्विन_पाहुणा | रात्री ९:५२

होम फोल्डरचा बॅकअप घ्या आणि सरळ नव्याने इन्स्टॉल करा. अर्ध्या तासात मोकळ्या व्हाल. मी आवाजाच्या मागे दोन रात्री घालवल्यात, आता नाही घालवत.

खर्जातला_सा | रात्री १०:०५

पाहुणे, थांबा जरा. ज्या माणसाला ऑर्का लागतं त्याच्या मशीनवर सगळ्या सेटिंग्ज, बोलण्याचा वेग, शॉर्टकट बसवलेले असतात. ते पुन्हा बसवायला अर्धा तास नाही, आठवडा जातो. इन्स्टॉल हा अगदी शेवटचा उपाय.

सांजवारा, आधी एक गोष्ट ठरवू या: आवाज नक्की कुठे अडतोय? गळणारा नळ शोधतात तसं टाकीपासून तोटीपर्यंत जायचं. प्रोग्राम आवाज तयार करतो आणि पाइपवायरला देतो. पाइपवायर तो कुठल्या कार्डाकडे पाठवायचा ते ठरवतं. खाली कर्नलमधलं (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं) अल्सा असतं, ते प्रत्यक्ष चिपशी बोलतं. चिप तो जॅककडे सोडते आणि जॅकमधून तो स्पीकरला जातो. यातली एकच जागा तुंबलेली असते. ती सापडेपर्यंत काहीही बदलू नका, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

तर आता फक्त बघून सांगा. फक्त ऑर्का गप्प आहे की सगळंच? सेटिंग्जमध्ये साउंडखाली टेस्टचं बटण आहे ते दाबा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, "एप्ले -एल" चालवा (एल छोटा, आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत), कार्डांची यादी येईल. आणि "पावूकंट्रोल" नावाचा प्रोग्राम टाकून घ्या. त्यात आउटपुट डिव्हाइसेसच्या पानावर काय काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे लिहा. आवाज चालू असताना खालची पट्टी हलते का तेही बघा.

ओंजळ | रात्री १०:११

माझा अंदाज: आवाज मॉनिटरकडे चाललाय. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो, आणि मॉनिटरला स्पीकर नसले तरी लिनक्सला ते आउटपुट म्हणून दिसतं. माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड बदललं त्या दिवशी हेच झालं होतं. पट्टी नाचतेय, गाणं पुढे सरकतंय आणि घरात शुकशुकाट! तीन तास मी स्पीकरच्या वायरी हलवत बसले होते. सेटिंग्जमध्ये आउटपुट डिव्हाइस बदलल्याबरोबर इतक्या जोरात वाजलं की मांजर कपाटावर.

सांजवारा | रात्री १०:४८

सगळ्यांचे आभार. उत्तरं देते.

सगळंच गप्प आहे. ऑर्का, ब्राउझर, टेस्टचं बटण, काहीच नाही.

एप्ले -एलमध्ये दोन कार्डं दिसतात. एक एचडीए एनव्हिडिया, त्याच्यापुढे एचडीएमआयच्या तीन-चार ओळी. दुसरं एचडीए इंटेल पीसीएच, त्यात एएलसी८८७ अॅनालॉग.

ओंजळ, तुमचं वाचून आधी तेच पाहिलं. आउटपुट अॅनालॉगवरच होतं. खात्रीसाठी एकदा एचडीएमआयवर नेऊन परत आणलं. फरक नाही.

पावूकंट्रोलमध्ये: बिल्ट-इन ऑडिओ अॅनालॉग स्टिरिओ, पोर्ट: हेडफोन्स (प्लग्ड इन), आवाज ७४ टक्के, म्यूट नाही. गाणं लावलं की खालची पट्टी हलते.

कर्नलकाका | रात्री ११:०२

अपडेटनंतर गेला म्हणताय, तर कर्नल बदललं असणार. साउंडचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे नव्या कर्नलमध्ये एखाद्या चिपचं बिघडू शकतं. उबुंटू जुनं कर्नल ठेवून देतं. मशीन सुरू होताना एस्केप दाबा (काही मशीनवर शिफ्ट), ग्रबची (कुठलं कर्नल सुरू करायचं ते निवडायची) यादी येईल, त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये मागचं कर्नल निवडा. तिथे आवाज आला तर चोर सापडला. यात काही मोडत नाही, पुढच्या वेळी मशीन आपलं नव्याच कर्नलवर येईल.

तळघर | रात्री ११:३५

जुना माणूस आहे, थोडं पाल्हाळ लावतो, चालवून घ्या.

मी लिनक्सवर आलो तेव्हा आवाजासाठी ओएसएस नावाची व्यवस्था होती. बहुतेक साध्या कार्डांवर एका वेळी एकच प्रोग्राम आवाज काढू शकायचा. गाणं चालू असलं की दुसऱ्या प्रोग्रामला "डिव्हाइस बिझी" म्हणून हाकलून लावायचं. मग अल्सा आलं. १९९८ मध्ये यारोस्लाव कायसेलांनी ते सुरू केलं, आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलपासून ते मुख्य झालं. त्याच्या डोक्यावर पल्सऑडिओ बसलं. फेडोरा ८ ने (तेही उबुंटूसारखंच एक लिनक्स) २००७ मध्ये आणि उबुंटूने २००८ मध्ये ते सर्वांना दिलं. तेव्हा आमच्यात जी भांडणं झाली ती आठवली तरी अंगावर काटा येतो. आता पाइपवायर. फेडोरा ३४ मध्ये २०२१ साली ते आपोआप मिळणारं (डिफॉल्ट) झालं, उबुंटूत २२.१० पासून.

हे सांगण्याचं कारण असं की इंटरनेटवर या सगळ्या काळांतले सल्ले एकमेकांत मिसळून पडलेत. तुम्ही "आवाज गेला" म्हणून शोधाल तर २००९ चं उत्तर पहिलं येईल, आणि ते तुमच्या मशीनला लागू नसेल. अल्सा मात्र तेव्हाही तळाशी होतं आणि आजही आहे. म्हणून मी कायम तळापासून बघतो. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर चालवा. आधी नुसती एकच पट्टी दिसेल, ती पाइपवायरची. एफ६ दाबून इंटेल पीसीएच कार्ड निवडा, मग चिपचे खरे नळ दिसतील. ज्याच्या पायाशी एमएम लिहिलंय तो बंद, ओओ लिहिलंय तो चालू. एम दाबलं की उघडतो.

मुक्काम_पोस्ट_टर्मिनल | रात्री ११:५०

तळघर यांच्या बोलण्याला जोड. "पल्सऑडिओ काढून टाका आणि परत टाका" हा सल्ला कुठे दिसला तर हात लावू नका. मी एकदा तसं केलं, काढायच्या पॅकेजांची यादी न वाचता वाय दाबलं, आणि त्याबरोबर अर्धा डेस्कटॉप गेला. पाइपवायर नव्याने उठवायचं असेल तर एवढंच पुरतं: "सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर". पुढे सुडो (अॅडमिनचे अधिकार देणारा शब्द) लावायचं नाही, ही सेवा तुमच्या स्वतःच्या खात्यात चालते.

आणि "यूजरला ऑडिओ ग्रुपमध्ये घाला" हाही जुनाच सल्ला. आता लॉगिन केलेल्या माणसाला परवानगी आपोआप मिळते.

पेंग्विन_पाहुणा | रात्री ११:५५

एवढं सगळं करण्यापेक्षा...

खर्जातला_सा | रात्री ११:५६

नाही. :)

सांजवारा | मंगळवार, सकाळी ८:२०

रात्री दीडपर्यंत बसले होते. सगळं लिहिते.

जुनं कर्नल: आवाज नाही.
पाइपवायर रीस्टार्ट: नाही.
अल्सामिक्सर: एफ६ ने कार्ड निवडलं. मास्टर ओओ, हेडफोन ओओ, लाइन आउट एमएम! मला वाटलं सापडलं. एम दाबून उघडलं, पट्टी वर नेली, स्पीकर टेस्ट लावली. तरीही नाही.

शेवटी पेनड्राइव्हवर लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं) उबुंटू घेऊन त्यावरून मशीन सुरू केलं. अगदी कोरी करकरीत सिस्टम. तिथेही आवाज नाही.

आता माझा धीर सुटत चाललाय. बाबा म्हणाले, "राहू दे, दोन दिवस रेडिओ ऐकतो." ते असं म्हणाले की मला जास्त वाईट वाटतं.

चिमटा_आणि_सोल्डर | सकाळी ८:५५

लाइव्हवरही नाही म्हणजे सॉफ्टवेअर सुटलं. कर्नलकाका, तुमचा चोर निर्दोष. मला मदरबोर्डवरची साउंडची चिप किंवा मागचा जॅक गेल्यासारखा वाटतो.

पण त्याआधी एक करा. मशीन बंद करा, मागची वायर काढा, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग वायर लावून सुरू करा. शेजारी विंडोज असेल आणि त्यात फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते मशीन पुरतं बंद करत नाही आणि चिप अर्धवट अवस्थेत राहते. नुसत्या रीस्टार्टने ते सुटत नाही, वीज पूर्ण जावी लागते. मी दुरुस्तीला आलेली दोन मशीन निव्वळ वायर काढून चालू करून दिली आहेत.

त्यानेही नाही झालं तर यूएसबी साउंड कार्ड घ्या, अंगठ्याएवढं असतं. बोर्ड बदलायच्या भानगडीत पडू नका.

स्पर्शलिपी | सकाळी ९:३०

मी स्वतः जन्मांध आहे आणि गेली बारा वर्षं लिनक्स ऑर्कावर वापरतो. हा धागा ऑर्काकडूनच ऐकला.

चिमटा म्हणतात ते यूएसबी साउंड कार्ड, चिप जिवंत असली तरी घ्याच. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ते कायम उजव्या कोपऱ्यात असतं. बहुतेक साध्या कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कर्नलमधला यूएसबी ऑडिओचा ड्रायव्हर ते ओळखतो. डोळस माणसाचा आवाज गेला तर पडद्यावर निदान चूक वाचता येते. आमचा आवाज गेला तर काय चुकलं हे सांगणारीच गोष्ट गेलेली असते. म्हणून दुसरा आवाज हाताशी लागतोच. कार्ड आलं की एकदा आउटपुट म्हणून निवडून ठेवा, पाइपवायरचा मदतनीस वायरप्लंबर ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी लावल्याबरोबर आवाज तिकडे नेतं.

ऑर्का बंद पडलंय की आवाजच गेलाय हे बाबांना एकट्याने ओळखायचं असेल तर सोपी खूण आहे. ऑल्ट, सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि एस एकदम दाबलं की ऑर्का चालू किंवा बंद होतं. दोनदा करूनही काही ऐकू आलं नाही तर आवाजाकडे बघायचं. ऑर्का आपलं बोलणं स्पीच डिस्पॅचरला देतं आणि तो ईस्पीक एनजीकडून वाचून घेतो. हे दोघेही कधीकधी अडकतात, पण तेव्हा ब्राउझरचा आवाज चालू असतो.

आता मला खटकलेली गोष्ट. धाग्यात सगळ्यांनी मशीनची चौकशी केली. बाबांना कुणी विचारलं का? ते मशीन तेच दिवसभर हाताळतात. आम्ही बघत नाही, पण कुठली वायर कुठे आहे हे आमच्या बोटांना पाठ असतं. काल त्यांनी कशाला हात लावला होता, एवढं विचारा.

खर्जातला_सा | सकाळी ९:४१

स्पर्शलिपी, नेमकं बोललात. तुमचं वाचून मी सांजवाराचं काल रात्रीचं उत्तर पुन्हा उघडलं, आणि माझीच चूक दिसली. मी जसंच्या तसं लिहायला सांगितलं, त्यांनी लिहिलं, आणि मी नीट वाचलं नाही.

"पोर्ट: हेडफोन्स (प्लग्ड इन)."

सांजवारा, स्पीकर मागे हिरव्या भोकात आहेत, त्याचं नाव लाइन आउट असायला हवं. हेडफोन्स हे पोर्ट पुढचं, कॅबिनेटच्या तोंडावरचं. मशीनची समजूत आहे की पुढे हेडफोन लावलाय. म्हणून त्याने मागचा रस्ता स्वतःच बंद केला. अल्सामिक्सरमध्ये लाइन आउट एमएम दिसलं ते तुम्ही केलं नव्हतं, मशीनने केलं होतं. तुम्ही ते उघडलंत तरी ऑटो-म्यूट चालू असेल तर ड्रायव्हर खालून तो दाबूनच धरतो. लाइव्ह पेनड्राइव्हलाही तोच जॅक दिसणार, म्हणून तिथेही तेच.

पुढच्या भोकात काही आहे का बघा. वायर, तुटलेलं टोक, काहीही.

सांजवारा | सकाळी ९:५८

आला!!!

आवाज आला. बाबा शेजारीच आहेत आणि ऑर्का हा धागा वाचून दाखवतंय.

पुढच्या भोकात हेडफोनची लांबवायची वायर होती. काळ्या कॅबिनेटला काळी वायर, टेबलाच्या मागून खाली गेलेली, दुसरं टोक खुर्चीच्या पाठीला गुंडाळलेलं आणि त्या टोकाला काहीच नाही. मी रात्रभर त्या कॅबिनेटसमोर बसून होते आणि मला ती दिसली नाही.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मीच लावली की. तू रीस्टार्ट केलंस तेव्हा. रात्री हेडफोन लावून ऐकायचं होतं, म्हटलं वायर आत्ताच घालून ठेवू. पण टोकाला हेडफोन कुठे लावला होता? नुसती वायर काय करणार?" त्यांना रात्री वायर आठवली होती, पण टोकाला काही नाही म्हणून ती मोजलीच नाही. आणि मी आल्याआल्या "अपडेटने गेला" असं जाहीर करून टाकलं होतं.

वायर खेचली, खट् आवाज झाला, आणि ऑर्का एका दमात मागचं सगळं बडबडायला लागलं. बाबा मोठ्याने हसले. स्पर्शलिपी, तुमची पोस्ट त्यांनी दोनदा ऐकली.

चिमटा_आणि_सोल्डर | सकाळी १०:१०

वा! आणि चिप गेली असं मी घाईने म्हणालो, ते मागे घेतो. लाइव्हवर आवाज नाही याचा अर्थ "सॉफ्टवेअर नाही" इतकाच होता. बाहेरची वायर मी विचारातच घेतली नाही.

बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. जॅकच्या आत एक बारीक पत्र्याची पट्टी असते. पिन आत गेली की ती सरकते आणि चिपला "काहीतरी लागलं" एवढंच कळतं. वायरीच्या दुसऱ्या टोकाला हेडफोन आहे की हवा, हे तिला समजत नाही. कधीकधी ही पट्टी वाकून तशीच राहते, मग भोक रिकामं असूनही मशीन "हेडफोन लागलाय" म्हणत बसतं. तेव्हा पिन चार-पाच वेळा आतबाहेर करायची. बऱ्याचदा सुटते.

ओंजळ | सकाळी १०:१४

सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आणलंत. बाबांना नमस्कार सांगा.

पेंग्विन_पाहुणा | सकाळी १०:३०

मान्य करतो. माझं ऐकून इन्स्टॉल केलं असतं तर बाबांच्या सगळ्या सेटिंग्ज गेल्या असत्या आणि वायर तिथेच राहिली असती. माझ्या त्या दोन रात्रींचंही काय झालं असेल असा आता प्रश्न पडलाय. तेव्हा इन्स्टॉलच्या आधी मी सगळ्या वायरी काढून परत लावल्या होत्या...

कर्नलकाका | सकाळी ११:०५

छान झालं. आता वायर कायम लावून ठेवायची असेल तर दोन रस्ते आहेत. अल्सामिक्सरमध्ये एफ६ ने कार्ड निवडून उजवीकडे जात राहा, ऑटो-म्यूट मोड नावाचा खांब लागेल. बाणाने तो डिसेबल्ड करा आणि "सुडो अल्साक्टल स्टोअर" चालवा म्हणजे ते लिहून ठेवलं जाईल. शिवाय पावूकंट्रोलमध्ये पोर्टच्या यादीतून लाइन आउट निवडा.

तळघर | सकाळी ११:२०

काका, मी यात असहमत. या घरात ऑटो-म्यूट चालूच राहू द्यावा. बाबांना रात्री हेडफोन लावल्याबरोबर स्पीकर बंद व्हायला हवेत, ते पडद्यावर जाऊन पोर्ट बदलत बसणार नाहीत. यंत्राने बरोबरच काम केलं होतं. वायर लांबवायची ती हेडफोनच्या बाजूनेच जोडलेली ठेवा आणि पिन फक्त ऐकायचं तेव्हा लावा.

कर्नलकाका | सकाळी ११:२६

हे पटलं. माझा उपाय पट्टी वाकलेल्या जॅकसाठी ठेवू.

धुक्यातला_दिवा | बुधवार, दुपारी ३:१५

धागा वाचून धीर आला म्हणून इथेच विचारतो. माझा प्रश्न वेगळा आहे. नवीन लॅपटॉप, त्यावर डेबियन १२ (हेही एक लिनक्स). आउटपुटमध्ये फक्त "डमी आउटपुट" दिसतं. भोकं तपासली, रिकामी आहेत!

खर्जातला_सा | दुपारी ३:४०

डमी आउटपुट म्हणजे पाइपवायरला (किंवा पल्सऑडिओला) खाली एकही कार्ड सापडलं नाही, म्हणून त्याने खोटं कार्ड उभं केलंय. सांजवाराकडे पट्टी हलत होती, कार्ड होतं, अडथळा शेवटी होता. तुमचा अडथळा बरोबर दुसऱ्या टोकाला आहे. तेव्हा पावूकंट्रोलमध्ये वेळ घालवू नका, कर्नल काय म्हणतंय ते बघा. "सुडो डीमेस्ग" चालवून त्यात "एसओएफ" किंवा "एसएनडी" असलेल्या ओळी शोधा.

धुक्यातला_दिवा | दुपारी ४:०२

एसओएफच्या बऱ्याच ओळी आहेत. फर्मवेअर फाइल लोड झाली नाही, एरर उणे दोन, असं लिहिलंय.

मुक्काम_पोस्ट_टर्मिनल | दुपारी ४:०९

उणे दोन म्हणजे फाइल जागेवर नाही. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये आवाजासाठी वेगळा छोटा प्रोसेसर असतो, त्याला सुरू होताना साउंड ओपन फर्मवेअर (एसओएफ, त्या प्रोसेसरचा स्वतःचा छोटा प्रोग्राम) भरवावं लागतं. डेबियनमध्ये पॅकेजचं नाव "फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड". सापडलं नाही तर सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) "नॉन-फ्री-फर्मवेअर" हा शब्द आहे का बघा. डेबियन १२ पासून फर्मवेअर त्या वेगळ्या कप्प्यात गेलंय, नुसतं "नॉन-फ्री" लिहून चालत नाही. मग अपडेट, इन्स्टॉल, रीस्टार्ट.

धुक्यातला_दिवा | दुपारी ४:३१

शब्द नव्हता. घातला. वाजतोय. मनापासून धन्यवाद!

सांजवारा | पुढचा मंगळवार, रात्री ८:५०

शेवटचं कळवते.

यूएसबी साउंड कार्ड आणलं. एकदा आउटपुट म्हणून निवडून ठेवलं. मग स्पर्शलिपींच्या सांगण्याप्रमाणे आम्ही सराव केला. मी खोलीबाहेर गेले आणि बाबांनी स्वतः मागची हिरवी पिन काढली. ऑर्का गप्प. ऑल्ट-सुपर-एस दोनदा, तरी गप्प. ड्रॉवरमधून कार्ड काढलं, त्याला हेडफोन आधीच लावून ठेवलेत. कॅबिनेटच्या डोक्यावर बोटांनी भोक चाचपलं, एकदा उलटं लागलं, मग सरळ बसलं. दाराबाहेरून मी मोजत होते. चाळीस सेकंदांनी ते आतून म्हणाले, "बोलायला लागला."

पुढच्या हेडफोनच्या भोकाशेजारी त्यांनी बोटाला लागेल असा चिकटपट्टीचा उंचवटा केलाय. तो हाताला लागला की आत पिन आहे का ते तपासायचं, असं त्यांनी ठरवलंय.

आणि स्पर्शलिपी, बाबांचा तुम्हाला एक प्रश्न आहे. ईस्पीकचा मराठी आवाज तुम्ही किती वेगावर ठेवता? ते म्हणतात, त्यांचा आता फार हळू वाटायला लागलाय.

स्पर्शलिपी | रात्री ९:१५

बाबांना सांगा, एकदम वाढवू नका. मी दर पंधरा दिवसांनी दोन-तीन टक्के वाढवत गेलो, आता नव्वदच्या पुढे आहे. मराठीत जोडाक्षरं घाईत गिळली जातात, तेव्हा ऐंशीच्या आसपास काही दिवस थांबून कान बसू द्यावा. बातम्यांवर सराव करावा, बँकेच्या कागदांवर नको.